कातडं आणि कच्चा माल

२०१९ च्या फेब्रुवारीत सूरजकुंडच्या हस्तकला मेळ्यात महाराष्ट्र 'थीम स्टेट' होता. १९८७ पासून भरणारा हा मेळा आमच्या फरीदाबादचा सगळ्यांत मोठा उत्सव. दिल्लीतल्या ओळखीच्या एका बाईंचा फोन आला, "आपल्याकडच्या काही कारागिरांना हिंदी समजतं, पण बोलायला अवघड जातं. दोन-तीन दिवस दुभाषी म्हणून बसशील का?" मी अनुवादावर पोट भरते, शहरात मराठी कानावर पडण्याचे प्रसंग कमी. आनंदानं गेले.

कोल्हापुरी चपलांच्या एका दुकानात माझी बसायची जागा होती. चपला करणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या वेणी घालत बसायच्या आणि मी बघत बसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एक सरकारी अधिकारी आले. सोबत वही घेतलेला सहायक. त्यांनी सौजन्यानं विचारलं, तुमच्या अडचणी काय आहेत, सांगा, आम्ही वर कळवू. बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं आणि एका दमात सांगितलं, की बैलाचं कातडं मिळायचं बंद झालंय, म्हशीचं आणायचं तर वाटेत गाडी अडवतात, गाडीवाला यायला तयार होत नाही, आणि मिळालं तर दर परवडत नाही.

मी भाषांतर केलं, "इनका कहना है कि कच्चा माल महँगा हो गया है और ढुलाई में दिक्कत आती है."

सहायकानं लिहून घेतलं. अधिकारी मान हलवून पुढच्या दुकानाकडे गेले. बाईंनी वेणीचं काम पुन्हा हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, मी कातडं म्हनलं हुतं. तुम्ही कच्चा माल म्हनलासा."

मी काहीतरी बोलले. सरकारी भाषेत असंच म्हणतात, असं काहीसं. त्या म्हणाल्या, "व्हय. वास येतोय न्हवं त्याला."

या घटनेला आता काही वर्षं झाली. मी का तो शब्द बदलला, हे मला तेव्हाच माहीत होतं. हरियाणात भर मेळ्यात एका अधिकाऱ्यासमोर बैलाच्या कातड्याचा उल्लेख करायला मी कचरले. बाईंना त्रास होईल म्हणून, असं मी मनाशी म्हटलं. पण त्रास कुणाला होणार होता, त्यांना की मला? त्यांनी तर धोका पत्करून शब्द उच्चारला होता. त्यांच्या वतीनं सावध राहायचा निर्णय मी परस्पर घेतला. भाषांतरात चूक झाली असती तर मला इतकं लागलं नसतं. वाक्य व्याकरणानं, अर्थानं खोटं नव्हतं. कातडं हा कच्चा मालच आहे. पण ज्या शब्दात त्यांचा धंदा, त्यांची जात, १९९५ साली मुंबईच्या विधिमंडळानं मंजूर केलेला आणि मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेला एक कायदा, हे सगळं एकत्र आलं होतं, तोच नेमका मी पुसला होता.

तेव्हापासून 'प्रतिनिधी' या शब्दानं माझी पाठ सोडलेली नाही. दुसऱ्याच्या वतीनं बोलणं हे माझं रोजचं काम आहे. लेखकानं मला निवडलेलं नसतं. अनेकदा तो हयातही नसतो. तरी मी त्याचं म्हणणं मांडते आणि माझं नाव छोट्या अक्षरांत छापलं जातं. मग आमदार, नामनियुक्त सदस्य, व्यापारी संघटनांचे अध्यक्ष यांचं काम माझ्या कामाहून कशात वेगळं आहे?

मराठीत या शब्दाचा प्रवास मोठा बोलका आहे. आपल्या इतिहासात प्रतिनिधी हे पद निर्माण झालं ते राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला. तो प्रतिनिधी प्रजेचा नव्हता, छत्रपतींचा होता. सत्तेच्या बाजूनं लोकांसमोर उभा राहणारा. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यानं ते नाव आडनावासारखं वागवलं. आणि त्याच घराण्यातल्या भवानरावांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं आपल्या चिमुकल्या संस्थानाचा कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवला. वरून खाली बघणारा शब्द खालून वर बघू लागला. पण जुनी सवय शब्दातून पूर्ण जात नाही. आजही प्रतिनिधी म्हटलं की आपल्याला आपल्याकडून गेलेला माणूस आठवतो, तसा आपल्याकडे पाठवलेला माणूसही आठवतो.

विधान परिषदेच्या रचनेत या दोन्ही दिशा एकत्र नांदतात. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सदस्य: ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. या बारा जणांबद्दल संविधानाचं १७१ वं कलम सांगतं, की साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांचं विशेष ज्ञान किंवा व्यावहारिक अनुभव असलेली माणसं असावीत. राज्यसभेसाठीच्या ८० व्या कलमात अशीच यादी आहे, फक्त तिथे सहकारी चळवळ नाही. म्हणजे संविधानकारांना राज्याच्या पातळीवर काहीतरी वेगळं दिसत होतं. ज्या मातीत लोक एकत्र येऊन पतपेढी काढतात, कारखाना काढतात, तिथला धंदा आणि तिथली कविता त्यांनी एकाच वाक्यात बसवली.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ही जोडी काल्पनिक नव्हती. याच सभागृहात ग. दि. माडगूळकर बसले, ना. धों. महानोर बसले. महानोर कवी म्हणून गेले आणि शेतीवर, पाण्यावर बोलले, कारण पळसखेडचा शेतकरी आणि कवी ही त्यांच्यात दोन माणसं नव्हती. मला ते उदाहरण फार मोलाचं वाटतं. पण म्हणून महानोर कवींचे प्रतिनिधी होते का? शेतकऱ्यांचे होते का? नेमलेल्या सदस्यांबद्दलचं पोटकलम नीट वाचलं तर त्यात प्रतिनिधित्व हा शब्द कुठेच नाही. तिथे मागणी आहे ज्ञानाची आणि अनुभवाची. कवीनं कवींच्या वतीनं बोलावं अशी अपेक्षा नाही. कवी असल्यामुळे त्याला जे दिसतं ते त्यानं सांगावं, एवढीच आहे. जाणकार आणि प्रतिनिधी यांतला हा फरक आपण विसरतो आणि मग 'साहित्यिकांना प्रतिनिधित्व मिळालं' अशा बातम्या छापतो.

धंद्यांना आणि संस्थांना सरळ प्रतिनिधित्व देण्याचा प्रयोग याच मुंबईत त्याआधी होऊन गेला होता. १९१९ च्या सुधारणांनंतरच्या प्रांतिक कायदेमंडळात बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स, इंडियन मर्चंट्स चेंबर, गिरणीमालकांचा संघ यांच्या स्वतंत्र जागा होत्या. मुंबई विद्यापीठाची होती, आणि तिथून निवडून आलेले र. पुं. परांजपे शिक्षणमंत्री झाले. १९३५ च्या कायद्यानं केलेल्या मुंबई विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यांत ७ व्यापार-उद्योगाच्या, ७ कामगारांच्या, २ जमीनदारांच्या आणि १ विद्यापीठाची. कागदावर हा तराजू किती समतोल दिसतो! पण प्रांतात गिरणीमालक किती आणि कामगार किती, हा हिशेब मनात केला की काटा कुठे झुकतो ते कळतं. शिवाय चपला करणारा माणूस यांपैकी कुठल्या खान्यात बसतो? तो मालकही आहे, मजूरही आहे, आणि कलावंतही. त्याच्यासाठी खाना नव्हताच.

त्याच काळात राज्यपालांनी, म्हणजे तेव्हाच्या गव्हर्नरनं, ज्यांना कायदेमंडळावर नेमलं, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. नेमलेला सदस्य काय करू शकतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. महार वतनाचा प्रश्न त्यांनी विधेयकाच्या रूपानं त्या सभागृहात नेला. आणि तरीही १९२८ मध्ये सायमन कमिशनसमोर त्यांनी अस्पृश्यांसाठी नामनियुक्त नको, निवडून आलेले प्रतिनिधी मागितले. स्वतःच्या खुर्चीविरुद्ध दिलेली ती साक्ष होती. नेमलेला माणूस कितीही चांगला असला तरी त्याला नेमणारा वर बसलेला असतो; ज्यांच्यासाठी तो बोलतो, त्यांना त्याला थांबवता येत नाही, बदलता येत नाही. बाबासाहेब स्वतः चांगले प्रतिनिधी होते म्हणून त्यांना ही व्यवस्था चांगली वाटली नाही. मला यात फार मोठं नैतिक शहाणपण दिसतं.

मग धंद्यांनीच आपली माणसं निवडावीत? जगात तेही करून झालं आहे. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात संस्कृती-शिक्षण, शेती, कामगार, उद्योग-व्यापार आणि प्रशासन असे पाच गट आहेत. पण त्या गटांना मतं देतात नगरसेवक आणि संसद सदस्य, म्हणजे राजकारणीच. पाटी उद्योगाची, दुकान पक्षाचं. जर्मनीत बव्हेरिया या राज्यात महायुद्धानंतर ६० जणांचं एक सेनेट होतं. त्यात शेतकरी, कामगार संघटना, हस्तव्यवसाय, सहकारी संस्था, चर्च, विद्यापीठं यांनी पाठवलेली माणसं बसत. चपला करणाऱ्या बाईंना जागा मिळेल असं सभागृह जगात कुठे असेल तर ते हेच. १९९८ च्या सार्वमतात बव्हेरियाच्या जनतेनं ते बंद करायला कौल दिला. धंद्याच्या नावानं मिळालेली खुर्ची सर्वसामान्य मतदाराला शेवटी परकीच वाटते, एवढा बोध मी त्यातून घेते.

आपल्याकडे सभागृह बंद झालं नाही. बारा खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या. जून २०२० मध्ये नामनियुक्त सदस्यांची मुदत संपली. नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळानं बारा नावं पाठवली. त्यात बहुतेक राजकीय पक्षांतली माणसं होती, आनंद शिंदे यांच्यासारखा लोकप्रिय गायकही होता. राज्यपालांनी नावं स्वीकारली नाहीत आणि परतही केली नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयानं वाजवी वेळेत निर्णय घेणं हे कर्तव्य असल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली. अखेर १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सात जणांनी शपथ घेतली; त्याच दिवशी विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. तेही बहुतांश पक्षांतले. चार वर्षांहून अधिक काळ साहित्य, कला, सहकार यांच्या नावाच्या खुर्च्या मोकळ्या होत्या आणि यावरून साहित्य, कला, सहकार या क्षेत्रांतून मोर्चा निघाल्याचं काही माझ्या वाचनात आलं नाही. जी गोष्ट नसल्याचं ज्याची त्याला जाणवत नाही, ती त्याची होती असं कसं म्हणायचं?

सहकाराला तर त्या खुर्चीची गरजच उरली नव्हती. प्रवरेला साखर कारखाना उभा राहिला तेव्हा तो शेतकऱ्यांचा प्रयोग होता. पुढच्या दोन पिढ्यांत सहकारी साखर कारखानदारी विधानसभेच्या पुढच्या दारानं आत शिरली आणि मंत्रिमंडळात बसली. बळकट हितसंबंधांना राखीव खुर्ची लागत नाही. दुबळ्यांना लागते, आणि नेमकी त्यांनाच ती मिळत नाही.

या मताला खोडून काढणारं एक उदाहरण मला मान्य केलंच पाहिजे. २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला हक्काचा वाटा देऊन गेली. तिच्यामागे राज्यसभेतले नामनियुक्त सदस्य जावेद अख्तर ठामपणे उभे होते. ते स्वतः गीतकार, म्हणजे त्यांचा स्वार्थ त्यात होता. पण त्या स्वार्थामुळेच त्यांना करारातला कुठला शब्द गीतकाराचा गळा कापतो हे कळत होतं. तिथे जाणकार आणि प्रतिनिधी एक झाले. 'कातडं' म्हणायला ते कचरले नाहीत, कारण कातडं त्यांचंच होतं.

जून २०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा माझ्यापुढे आला. मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि मूळचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रात संताप उसळला. कंपनीला पत्र लिहिलं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं, म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये स्थापलेल्या संस्थेनं. उत्तरही तिलाच आलं आणि त्यात भारतीय परंपरेकडून प्रेरणा घेतल्याची कबुली होती. काही वकिलांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयानं ती फेटाळली: भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक समर्थ आहेत, त्यांनी यावं. नोंदणीकृत मालक म्हणजे दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळं, कारण हे मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं आहे. व्यापारी बोलले, वकील बोलले, महामंडळांनी बोलावं असं न्यायालय बोललं. प्रत्येकाचा हेतू चांगला होता. टीव्हीवर मी त्या बाईंचा चेहरा शोधत होते, हे कबूल करते. आणि कुणी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मिलानबद्दल काय सांगितलं असतं? कदाचित पुन्हा कातड्याबद्दलच.

'कोल्हापुरीचं हित' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात किती जण असतात! निर्यातदाराचं हित भावात आहे, चेंबरचं नावात, सरकारचं मानांकनात, कारागिराचं कातड्याच्या गाडीत. सगळे एका चपलेबद्दल बोलतात आणि वेगवेगळ्या गोष्टी मागतात. त्यांतला जो बोलायला सरावलेला असतो, त्याचं मागणं सगळ्यांचं मागणं म्हणून वर जातं. यात कुणी खोटं बोलत नाही. मीही त्या दिवशी खोटं बोलले नव्हते.

अनुवादक आणि प्रतिनिधी यांतला फरक मला इथे सापडला. माझं भाषांतर चुकलं तर मूळ पुस्तक कुठेतरी असतं. दोन्ही भाषा येणारा वाचक दोन्ही शेजारी ठेवून मला पकडू शकतो. त्या दुपारी तर मूळ स्वतः शेजारी बसलं होतं, त्याला हिंदी समजत होतं आणि त्यानं मला पकडलं. मी प्रामाणिक असण्यापेक्षा मला पकडता येणं महत्त्वाचं होतं. चांगला माणूस निवडा, जाणकार माणूस नेमा, हे सगळं ठीक. पण ज्याच्या वतीनं बोललं जातं त्याला ते ऐकू आलं पाहिजे, कळेल अशा भाषेत ऐकू आलं पाहिजे, आणि 'मी हे म्हटलं नव्हतं' असं म्हणायची सोय त्याला असली पाहिजे. निवडणूक ही अशी एक सोय आहे, पाच वर्षांनी एकदा येणारी, ढोबळ. तिच्याशिवाय आणखी सोयी शोधाव्या लागतील. धंद्यांसाठी आणि कलांसाठी खुर्च्या वाढवण्यापेक्षा मला हे काम निकडीचं वाटतं. नामनियुक्त सदस्याचं पहिलं कर्तव्यही मी हेच समजेन: सभागृहात काय बोललो ते परत जाऊन त्या माणसांना वाचून दाखवणं.

हरियाणात विधान परिषद नाही. १९६६ साली राज्य झालं ते एकाच सभागृहानिशी. पण आमच्या शहरानं एकेकाळी याहून धाडसाची गोष्ट करून पाहिली होती. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी इथलं एनआयटी, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउन, स्वतःच्या हातांनी उभारलं. कमलादेवी चट्टोपाध्याय यांची इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन त्यांच्याबरोबर होती. कामं सहकारी संस्थांमार्फत चालत. त्यात वावरलेल्या लक्ष्मीचंद जैन यांनी १९९८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कारभार हळूहळू नोकरशाहीकडे कसा गेला आणि सहकार कसा विरला, हे त्यात वाचताना मला मेळ्यातली ती वही आठवत राहिली. कुणीतरी वर कळवणार होतं.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या लेथ मशीन चालवणाऱ्या छोट्या कारखानदारांनी मला एक निवेदन नीट लिहून मागितलं. स्थानिक आमदारांना द्यायचं होतं. विजेचा प्रश्न, रस्त्यावर तुंबणारं पाणी, मोठ्या कंपन्यांकडून महिनोन्महिने थकणारी बिलं. मजकूर तयार झाल्यावर मी म्हटलं, मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचते. त्यांना ते जरा विचित्र वाटलं, पण चहा मागवला आणि शेडमध्येच बसलो. मशीन थांबवलेले कामगारही दाराशी उभे राहिले. वाचून झाल्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मैडम, इसमें हम कहाँ हैं?"

मी मालकाकडे पाहिलं. ते म्हणाले, "वो अलग मामला है." अलग होताच. त्यांच्या पगाराचा, सुट्टीचा, बोटं तुटल्यावरच्या भरपाईचा मामला. त्या कागदात तो घालण्याचा मला अधिकार नव्हता. कागद त्यांचा होता, पैसेही त्यांनी दिले होते.

निवेदनाची सुरुवात 'हम, इस क्षेत्र के उद्योग' अशी होती. मी विचारलं, इथे 'हम, इस क्षेत्र के कारखानों के मालिक' असं केलं तर चालेल का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, वजन कमी होईल. मी म्हटलं, हो, थोडं होईल. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी त्यांनी होकार दिला, कदाचित चहा थंड होत होता म्हणून. दाराशी उभा असलेला तो कामगार तोवर मशीनकडे परत गेला होता.